तुकडे किती बारीक झाले ते नको, कुठे पडले ते छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर बिनधास्त कापा, फक्त आकडे बदलू नका. विषय विमान अपघातांच्या बातम्यांचा. जगात कुठेही विमान पडलं की तासाभरात 'विमानाचे हवेतच तुकडे' असं हेडिंग येतं, खाली काळ्या ढिगाऱ्याचा फोटो, आणि टीव्हीवर तर ते कार्टूनसारखं अ‍ॅनिमेशन, ज्यात आख्खं विमान फटाक्यासारखं फुटतं आणि मागे नुसता धूर राहतो. पुरावा काय, तर अवशेष बघा किती बारीक झालेत, हाताएवढा पत्रा पण सलग राहिला नाही, म्हणजे नक्की वरच फुटलं असणार. मी वैमानिक नाही, इंजिनिअर पण नाही, शाळेत फिजिक्स शिकवून रिटायर झालोय आणि अपघातांचे ऑफिशियल रिपोर्ट वाचत बसायचा नाद आहे (घरचे याला नाद म्हणत नाहीत, वेगळा शब्द वापरतात). पण एवढं वाचून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय की ते हेडिंग बऱ्याच वेळा उलटं असतं, म्हणजे तुकडे बारीक आणि एकाच जागी असतील तर विमान बहुतेक आख्खंच खाली आलेलं असतं.

२४ मार्च २०१५ चं जर्मनविंग्जचं विमान घ्या. फ्रान्समधल्या आल्प्सच्या डोंगरावर १५० माणसं घेऊन आदळलं, वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास. फोटोत ओळखू येईल असं काहीच नव्हतं, डोंगराच्या उतारावर कुणीतरी कचरा उधळल्यासारखं दिसत होतं, आणि तेव्हाही लोक छातीठोकपणे सांगत होते की हवेतच स्फोट झाला. विमानाला शेवटच्या सेकंदापर्यंत काहीही झालेलं नव्हतं. कोपायलटने मुद्दाम खाली घातलं होतं. बारीक तुकडे झाले ते डोंगराने केले, हवेने नाही. आता स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बने पाडलेल्या विमानाचे फोटो आठवा, १९८८ चे. जंबो जेटचं आख्खं नाक, कॉकपिटसकट, शेतात आडवं पडलंय आणि त्याच्यावरचं विमानाचं नाव सुद्धा वाचता येतं. ते विमान मात्र खरंच ३१,००० फुटांवर तुटलं होतं. एवढा मोठा सलग तुकडा का राहिला? तर तो विमानापासून सुटून, भेलकांडत, हवेचा अडथळा खात खाली आला, ताशी ७०० ने डोंगरात घुसला नाही. शाळेतल्या पोराला सांगितलं तर कळेल, पण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात 'स्फोट म्हणजे चुरा' हे इतकं घट्ट बसलंय की डोळ्यांना दिसतं ते पण दिसत नाही.

म्हणून तपास करणारे लोक पोचल्या पोचल्या तुकड्यांची साइज बघत नाहीत, ते विमानाचे चार कोपरे शोधतात. नाक, शेपूट, डाव्या पंखाचं टोक, उजव्या पंखाचं टोक. हे चारही एकाच जागी सापडले तर विमान जमिनीपर्यंत अख्खं आलं. एक जरी कमी असेल तर मग मागे चालत जायचं, विमान ज्या दिशेने आलं त्या दिशेने, पाच किलोमीटर दहा किलोमीटर, आणि जो तुकडा सगळ्यात मागे पडलेला सापडतो तो साधारणपणे सगळ्यात आधी सुटलेला असतो. झालं. अर्धा तपास या एका वाक्यात आहे. विमान पुढे पळत असतं आणि पळता पळता त्याचे भाग गळत जातात, जसं भरलेल्या ट्रकमधून फळी निसटल्यावर सामान रस्त्याने पडत जातं तसं, ड्रायव्हरला कळेपर्यंत ट्रक पुढे गेलेला असतो पण रस्त्यावर सगळं क्रमाने मांडलेलं असतं.

अर्थात इतकं सोपं नाही, कारण वारा असतो. इथे मला राहवत नाही, थोडं गणित करतोच. समजा दहा किलोमीटर उंचीवर विमान तुटलं. इंजिन म्हणजे काही टनांचा धोंडा, तो दीडएक मिनिटात जमिनीवर येईल आणि आधीच्या वेगामुळे बराच पुढे जाऊन पडेल, वाऱ्याला तो भीक घालत नाही. पण पातळ पत्र्याचा तुकडा गिरक्या घेत सेकंदाला दहा मीटरने उतरला तर त्याला हजार सेकंद लागतात, म्हणजे सतरा मिनिटं, आणि एवढ्या वेळात ताशी १५० किलोमीटरचा वारा त्याला चाळीस किलोमीटर बाजूला नेऊन टाकतो. (खाली येता येता वारा कमी होतो म्हणून खरं उत्तर यापेक्षा कमी येईल, पण अंदाज यावा म्हणून.) कागद, उशीचा कापूस, सीटच्या खिशातलं माहितीचं कार्ड, हे तर तासभर तरंगत राहतात. त्यामुळे विमान वर तुटलं की जमिनीवर एक ढीग नाही पडत, लांबलचक पट्टा पडतो, ज्यात एका टोकाला जड सामान आणि दुसऱ्या टोकाला हलकं, आणि तो पट्टा विमानाच्या रस्त्यावर पण नसतो आणि वाऱ्याच्या दिशेत पण नसतो, दोन्हीच्या मधेच कुठेतरी तिरका जातो. प्रत्येक तुकड्याचं वजन घ्यायचं, आकार बघायचा, त्या दिवशीचा वेगवेगळ्या उंचीवरचा वारा हवामान खात्याकडून घ्यायचा आणि उलटं गणित करत वर जायचं, की हा तुकडा आकाशात साधारण कुठे सुटला असेल. लॉकरबीला असे दोन पट्टे मिळाले होते आणि त्यातला लांबवाला थेट इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला होता, १३० किलोमीटर. शोधणाऱ्यांना सूचना काय होती माहितीय का, जे दगड नाही आणि जे उगवलेलं नाही ते सगळं उचला. एवढ्या दोन हजार चौरस किलोमीटरच्या पसाऱ्यातून कपड्याच्या एका चिंधीत अडकलेला नखाएवढा सर्किट बोर्डचा तुकडा मिळाला आणि पुढची केस बरीचशी त्याच्यावर उभी राहिली.

आणि तिथे बॉम्ब कितीसा होता? कार्गोमधल्या एका बॅगेतल्या कॅसेट रेडिओत मावेल एवढाच. त्याने विमानाच्या डाव्या बाजूला जेमतेम अर्ध्या मीटरचं भोक पाडलं. मग २५९ माणसांचं जंबो तुटलं कशाने? हे कुणी लिहितच नाही. तुटलं ते त्याच्या स्वतःच्या आतल्या हवेने आणि बाहेरच्या वाऱ्याने.

एवढ्या उंचीवर बाहेरचा हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण चौथा हिस्सा असतो, आत मात्र माणसांना श्वास घेता यावा म्हणून दाब वाढवून ठेवलेला असतो, त्यामुळे विमानाच्या पत्र्याच्या दर चौरस मीटरवर आतून बाहेर जवळपास सहा टनांचा रेटा असतो. सहा टन, आणि पत्र्याची जाडी एक-दोन मिलिमीटर. म्हणजे विमान म्हणजे पंख लावलेला फुगवलेला फुगा. पण फुगा टाचणीने फुटतो तसं हे फुटू नये म्हणून आत ठराविक अंतरावर पट्ट्या आणि कड्या असतात, तडा पळत पळत आला की त्या पट्टीशी थांबावा अशी सोय असते. छोटं भोक पडलं तर विमान खुशाल उतरू शकतं, तशी उतरलेली आहेत. पण भोकाच्या कडांपासून तडे सगळ्या बाजूंनी धावले आणि पट्ट्यांनी हात टेकले की आख्खं नाक तीनएक सेकंदात सुटतं. लॉकरबीच्या विमानाचं नाक सुटून मागे गेलं आणि जाता जाता एका इंजिनाला धडकलं. आता उरलेलं विमान बघा, समोरून उघडं भगदाड, तोल गेलेला, वेग तोच. ते सरळ राहू शकतच नाही, वर-खाली आडवं-तिडवं होतं. प्रवासी विमान वजनाच्या अडीच पट जोर सहन करेल असं बनवतात आणि त्यावर दीडपटीची सूट ठेवतात (बोइंग ७७७ चा पंख १९९५ मध्ये मुद्दाम वाकवून वाकवून तोडून बघितला तेव्हा तो ठरलेल्या जोराच्या १५४ टक्क्यांना मोडला, १५० पर्यंत टिकणं पुरेसं होतं). पण आडवं झालेलं विमान त्या वेगात वाऱ्याचा जो फटका खातं तो या सगळ्याच्या वर जातो. शेपूट जातं, पंख मोडतात, टाक्या फुटतात, इंधनाचा फवारा उडतो आणि तो पेटतो. खालून बघणाऱ्याला दिसतो तो हा शेवटचा भडका. तो सांगतो 'स्फोट झाला आणि मग विमान तुटलं'. खोटं बोलत नाही बिचारा, पण त्याने पिक्चरचा शेवट बघितलाय.

हा साक्षीदारांचा घोळ सगळ्यात जास्त झाला तो टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीच्या फ्लाइट ८०० च्या वेळी. १७ जुलै १९९६, न्यूयॉर्कहून उडालेलं जंबो बाराव्या मिनिटाला लाँग आयलंडजवळच्या समुद्रावर फुटलं, २३० माणसं गेली. किनाऱ्यावरच्या कित्येक लोकांनी सांगितलं की प्रकाशाची रेघ वर चढत गेली आणि मग भडका उडाला, म्हणजे मिसाइल. पेपरांनी मिसाइल लावून धरलं, एफबीआयने सोळा महिने गुन्ह्याच्या अंगाने तपास केला. आणि उत्तर कुठे होतं, तर समुद्राच्या तळाशी, नकाशावर. बुडालेले अवशेष तीन भागांत पडले होते, त्यांना लाल, पिवळा, हिरवा अशी नावं दिली होती. लाल भाग विमानतळाच्या सगळ्यात जवळ, म्हणजे सगळ्यात आधी सुटलेला, आणि त्यात काय, तर पंखांच्या मधल्या टाकीचे पुढचे भाग आणि टाकीच्या लगेच पुढचं विमानाचं कडं. पिवळ्यात नाक. हिरव्यात बाकी सगळं, पंख, इंजिनं, मागचा भाग, म्हणजे हे नाक गेल्यावर पण पुढे उडत गेलेलं होतं. या क्रमातच सगळं आलं की हो, टाकीपासून सुरुवात झाली, मग नाक गेलं, मग बाकीचं. लोकांनी बघितलेली रेघ बहुधा या बिननाकाच्या पेटलेल्या विमानाचीच असणार. ९५ टक्क्यांहून जास्त विमान समुद्रातून काढून हँगरमध्ये परत जुळवलं, मिसाइलच्या खुणा कुठेच नाहीत. जवळजवळ रिकामी टाकी, जमिनीवर थांबलेलं असताना खालच्या एसीच्या मशिनरीने तापलेली, आत इंधनाची वाफ, आणि बहुतेक वायरिंगच्या शॉर्ट सर्किटने आत पोचलेली ठिणगी. रिपोर्ट यायला २००० साल उजाडलं. नंतर टाकीत नायट्रोजन भरून वाफ पेटणारच नाही अशी सिस्टीम अमेरिकेत सक्तीची झाली. मिसाइलवाली हेडिंगं मात्र कुणी मागे घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

याच्या उलटं पण होतं बरं का. बरोब्बर अठरा वर्षांनी, १७ जुलै २०१४ ला (तारीख तीच, योगायोग), मलेशियाचं एमएच १७ पूर्व युक्रेनवर तुटलं आणि तिथे खरोखरच मिसाइल होतं. ३३,००० फुटांवर, बुक नावाचं, विमानाला धडकलंसुद्धा नाही, कॉकपिटच्या डाव्या बाजूला वर थोड्या अंतरावर फुटलं आणि त्यातले लोखंडी तुकडे कॉकपिटमध्ये घुसले. कॉकपिट तिथेच तुटलं, बाकीचं विमान काही किलोमीटर पुढे जाऊन पडलं, अवशेष ५० चौरस किलोमीटरवर सहा ठिकाणी. तिथे लढाई चालू होती म्हणून तपासवाले धड पोचू पण शकत नव्हते, सूर्यफुलाच्या शेतांत तुकडे तसेच पडून होते. पण कॉकपिटच्या पत्र्याला बाहेरून आत गेलेली भोकं होती, बाकी विमानाला फारशी नव्हती, आणि कॉकपिट बाकीच्या विमानाच्या बरंच मागे पडलेलं होतं. म्हणजे वस्तुस्थिती दोन्ही वेळा अवशेषांनीच सांगितली, एकदा मिसाइल नाही म्हणून आणि एकदा आहे म्हणून.

आता मला जे सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं त्याकडे येतो, कारण त्यात ना बॉम्ब ना मिसाइल. २५ मे २००२, चायना एअरलाइन्सचं जंबो तैपेईहून हाँगकाँगला निघालं, स्वच्छ हवा, ३५,००० फुटांच्या आसपास पोचलं आणि पेंगहू बेटांजवळ तुटलं. २२५ जण. पुन्हा तेच, मिसाइल का, बॉम्ब का. समुद्रातून मागचा भाग वर काढला तेव्हा पोटाखालच्या पत्र्यावर एक ठिगळ मिळालं. १९८० साली, म्हणजे बावीस वर्षं आधी, हाँगकाँगला उतरताना विमानाचं शेपूट रनवेला घासलं होतं. घासलेला पत्रा नियमाप्रमाणे कापून काढायचा होता किंवा ठिगळ तरी जखमेच्या बरंच बाहेरपर्यंत जायला हवं होतं. तसं न करता ओरखड्यांवर तसंच ठिगळ बसवलं. त्या ओरखड्यांतून तडा सुरू झाला, ठिगळाखाली असल्यामुळे बाहेरून दिसेना, प्रत्येक उड्डाणाला विमान फुगायचं, प्रत्येक उतरण्याला आक्रसायचं, आणि तडा केसाकेसाने वाढत गेला. बावीस वर्षं! वरून ठिगळाच्या कडेला तपकिरी डाग पडले होते, ज्या काळात विमानात सिगारेट ओढायची परवानगी होती तेव्हाचा धूर फटीतून बाहेर झिरपून. जुन्या फोटोत ते डाग दिसतात. म्हणजे विमान गळत होतं, खूण पण देत होतं, आणि कुणीतरी पाहिलं असेल आणि म्हटलं असेल की डाग आहे, पुसू नंतर.

शेपूट घासणे आणि चुकीचं ठिगळ हे वाचून ज्यांना जपानचा १९८५ चा अपघात आठवला असेल त्यांना शंभर पैकी शंभर. १९७८ ला ओसाकाला शेपूट घासलं, मागच्या बाजूची दाब अडवणारी भिंत दुरुस्त करताना जोडपट्टी एकसंध लावायची ती दोन तुकड्यांत लावली, त्यामुळे दोन ओळी रिव्हेटचा भार एका ओळीवर आला. सात वर्षांनी १२ ऑगस्टला भिंत फुटली, आतली हवा शेपटात घुसली आणि शेपटीवरचा उभा पंख उडाला. वैमानिकांनी फक्त इंजिनांच्या जोरावर ३२ मिनिटं ते विमान हवेत ठेवलं, नंतर डोंगरावर पडलं. ५२० मेले, चौघी वाचल्या. पण बघा, त्या उभ्या पंखाचा मोठा तुकडा डोंगरात नाही मिळाला, तो दूर मागे सागामी उपसागराच्या पाण्यात तरंगताना सापडला. चार कोपऱ्यांतला एक कोपरा समुद्रात. तिथेच समजायला पाहिजे की गोष्टीची सुरुवात डोंगरावर झालेली नाही.

अलोहा एअरलाइन्सचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २८ एप्रिल १९८८, हवाई बेटांमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या मारणारं एकोणीस वर्षं जुनं बोइंग ७३७, जवळपास नव्वद हजार उड्डाणं झालेलं. २४,००० फुटांवर पुढच्या भागाचं छप्पर उडालं, साडेपाच मीटर लांब. लोक सीटबेल्ट लावून उघड्या आभाळाखाली बसलेले. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली, ती कधीच सापडली नाही, बाकी ९४ जण उतरले. तिथे एकच मोठा तडा नव्हता, जोडाच्या ओळीने रिव्हेटच्या प्रत्येक भोकाशी बारीक बारीक तडे होते आणि ते सगळे एकदम हातात हात घालून एक झाले, तडे थांबवणाऱ्या पट्ट्यांचा काही उपयोग झाला नाही. आणि नंतर एका प्रवासी बाईने सांगितलं की चढताना दरवाजाजवळ पत्र्यावर चीर दिसली होती. कुणाला बोलली नाही. मी तरी बोललो असतो का? नसतो, वाटलं असतं यांना माहीत असेलच.

हे सगळं ज्ञान ज्या विमानाने दिलं ते कॉमेट. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. १० जानेवारी १९५४ ला इटलीच्या एल्बा बेटाजवळ एक तुटलं, ३५ जण. विमानं थांबवली, तपासणी केली, इंजिनातून आग लागली असेल असं धरून इंजिनाभोवती संरक्षण वगैरे बसवलं आणि मार्चअखेरीला परत उडवायला लागले. बरेचसे अवशेष अजून समुद्रातच होते! ८ एप्रिलला दुसरं तुटलं, नेपल्सजवळ, २१ जण. मग ब्रिटनमध्ये फार्नबरोला सर अर्नोल्ड हॉल यांच्या टीमने एका कॉमेटचं आख्खं धड पाण्याच्या टाकीत बुडवलं, आत पाणी भरायचं, दाब वाढवायचा, कमी करायचा, म्हणजे जमिनीवर बसल्या बसल्या हजारो उड्डाणं. खरी १,२२१ आणि टाकीतली १,८३६ मिळून ३,०५७ व्या फेरीला पत्रा फाटला. समुद्रातून काढलेल्या छपराच्या तुकड्यावर पण तडा सापडला, अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापासून. (सगळे सांगतात चौकोनी खिडक्यांमुळे, प्रवाशांच्या खिडक्या डोळ्यासमोर आणतात, पण एल्बाच्या तुकड्यावरची खिडकी छपरावरची होती. रिपोर्ट वाचणाऱ्यांची ही एक खोड समजा.) माझं म्हणणं एवढंच की त्या पंधरा दिवसांत २१ माणसं गेली ती अवशेष पूर्ण वर यायच्या आधी अंदाज बांधल्यामुळे.

आपल्याकडचे दोन अपघात तर आपणच नीट लक्षात ठेवले नाहीत. एअर इंडियाचं कनिष्क, २३ जून १९८५, ३२९ जण, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर ३१,००० फुटांवर. अवशेष दोन किलोमीटर खोल पाण्यात, तिथून रिमोटने चालणाऱ्या मशीनने ब्लॅक बॉक्स काढले, थोडेच तुकडे वर आणता आले आणि बाकीचे फोटोंवरून ओळखले. न्यायमूर्ती किरपाल यांच्या समितीने पुढच्या कार्गोत बॉम्ब होता असं सांगितलं. दुसरा चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन समोरासमोर, ३४९ जण. इथे एकाच अपघातात दोन्ही प्रकार बघायला मिळतात. जंबोचा पंख कापला गेला, ते गिरक्या घेत हवेत तुटत आलं. इल्युशिन मात्र अख्खंच राहिलं आणि तसंच शेतात आदळलं. बातम्यांत दोघांसाठी शब्द एकच होता, 'चिंधड्या'.

उलट्या बाजूचं शेवटचं उदाहरण एअर फ्रान्स ४४७. १ जून २००९, अटलांटिकवर वादळात गायब, २२८ जण. वादळ, वीज, हवेत तुकडे, बॉम्ब, सगळं छापून झालं. ब्लॅक बॉक्स दोन वर्षांनी मिळाले, पण तपासवाल्यांनी महिन्याभरातच, नुसत्या तरंगणाऱ्या तुकड्यांवरून, सांगून टाकलं होतं की विमान हवेत तुटलेलं नाही, पोटावर सपाट पाण्यात पडलंय. कशावरून? सगळे तुकडे खालून वर चेपलेले होते. विमानातला फ्लोअर वर आलेला, रॅक खालून दबलेले. २०११ मध्ये जवळपास चार किलोमीटर खोल तळावर विमान मिळालं तेव्हा सगळं सहाशे बाय दोनशे मीटरमध्ये पडलेलं होतं. इतक्या खोल बुडताना पण फार पसरलं नाही, यावरूनच काय ते समजा.

म्हणजे तुकडा बोलतो, पण त्याला नीट विचारावं लागतं. हळूहळू वाढलेल्या तड्याच्या तोंडावर समुद्राच्या लाटांनी वाळूवर काढाव्या तशा बारीक रेघा असतात, एका झटक्यात तुटलेल्यावर नसतात. काजळी पत्र्याच्या सुरकुत्यांच्या आत गेलेली असेल तर आग पडल्यावरची, वाऱ्याच्या दिशेने फरपटलेली असेल तर उडत असतानाची. स्फोटाजवळच्या पत्र्याला बारीक खड्डे पडतात. हे सगळं वाचता येतं ते तुकडा जिथे पडला तिथेच असेल तर, आणि तो कुठे होता याची नोंद झाली असेल तर. कुणीतरी आठवण म्हणून घरी नेला, ट्रॅक्टरवाल्याने बांधावर टाकला, कॅमेरावाल्याने फोटो चांगला यावा म्हणून सरळ करून ठेवला, की त्या तुकड्याची अर्धी साक्ष गेली. पाच किलोमीटर लांब शेतात सापडलेली एक पत्र्याची पट्टी ढिगाऱ्यातल्या शंभर तुकड्यांपेक्षा महत्त्वाची असू शकते, आणि नेमकी तीच कुणाला महत्त्वाची वाटत नाही.

तर संपादक साहेब, मागणी साधीच आहे. पुढच्या वेळी जळक्या ढिगाऱ्याचे सहा फोटो छापण्याऐवजी एक छापा आणि उरलेल्या जागेत छोटा नकाशा द्या, विमान कुठून कुठे चाललं होतं, नाक कुठे मिळालं, शेपूट कुठे, पंखांची टोकं कुठे, इंजिनं कुठे, आणि कोपऱ्यात त्या दिवशीच्या वाऱ्याचा बाण. जे सापडलं नाही तिथे 'सापडलं नाही' असं लिहा. अवशेष कितीतरी लांबवर मिळतायत अशी बातमी आली तर जड काय मिळालं आणि हलकं काय मिळालं हे वार्ताहराला एवढं एकदा विचारायला सांगा, कारण वीस किलोमीटरवर कागद मिळाला तर त्याचा अर्थ वेगळा आणि वीस किलोमीटरवर शेपूट मिळालं तर वेगळा. आणि त्या भागातल्या वाचकांसाठी चौकट टाका की शेतात काही दिसलं तर हात लावू नका, फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, पोलिसांना कळवा. 'हवेतच तुकडे' हे हेडिंग मग खुशाल द्या, पण नकाशात एकाच जागी कोपरे चारपेक्षा कमी भरले तरच.

आपला,
एक जुना वाचक (निवृत्त शिक्षक)